गाडी तापते कधी?

"काय व्हयनं, नाना?"

"गाडी गरम व्हई ऱ्हायनी. पानी फेकी ऱ्हायनी."

शिंदखेड्याहून दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गॅरेजात, मे महिन्याच्या सकाळी, हे संभाषण झालं तेव्हा मिस्तरीने जिपेला हातही लावला नव्हता. नानांची जीप महिंद्राची एमएम ५४०. तिचं मूळचं प्यूजो इंजिन थकलं, म्हणून त्यांनी ते दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात काढून टाकलं आणि भंगारात निघालेल्या एका जिपेचं डीआय इंजिन बसवून घेतलं. हिवाळ्यात गाडी छान चालली. होळी उलटली, उन्हं वाढली आणि बोनेटखालून वाफ येऊ लागली. लग्नसराईत वऱ्हाड घेऊन निघालेली गाडी रस्त्यात उभी राहिली, तेव्हा नानांचा धीर सुटला. ज्याने त्याने सल्ला दिला. कुणी म्हणालं रेडिएटर बदला, कुणी म्हणालं गॅस्केट उडालं, कुणी थेट इंजिनालाच नावं ठेवली.

मिस्तरीने मात्र बाकड्यावर बसून फक्त विचारलं. तापते ती उभी असताना की चालताना? सपाटीवर की घाटात? रिकामी असताना की माणसं भरल्यावर? मीटरचा काटा हळूहळू चढतो की एकदम उडी मारतो? पाणी फेकते ती इंजिन चालू असताना, की बंद केल्यावर दोन मिनिटांनी? थंडगार इंजिन सकाळी चालू केल्यावर लगेच बुडबुडे येतात का?

या प्रत्येक प्रश्नामागे एक निदान दडलेलं असतं. गाडी बाजारात, गर्दीत, उभ्या-उभ्या तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागताच थंड होत असेल, तर दोष हवेचा. पंखा पुरेशी हवा ओढत नाही, आणि वेग आला की समोरचा वारा ती उणीव भरून काढतो. उलट, उभी असताना शांत आणि साठच्या वेगाला तापत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या फेऱ्यात. रेडिएटर चोंदलेला, वॉटर पंपाचा बेल्ट घसरणारा किंवा खालचा हॉज पाइप ओढीने आत दबणारा. थंड इंजिन सुरू होताच पाण्यात बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे. गाडी चालताना ठीक आणि बंद केल्यावर पाणी फेकत असेल, तर पंप थांबल्यावर लोखंडात साठलेली उष्णता उभ्या पाण्याला उकळवते आहे. अशा वेळी रेडिएटरची टोपी आधी पाहायची. "का तापते" याचं उत्तर कुणीही छातीठोकपणे देतो. "कधी तापते" हे फक्त गाडी चालवणारा सांगू शकतो, आणि निदान तिथूनच सुरू होतं.

नानांची उत्तरं मिश्र होती. बाजारात उभी असताना तापते. मोकळ्या रस्त्यावर बरी असते. पण धुळ्यापुढे लळिंगचा घाट चढताना, माणसं भरलेली असली की, पुन्हा काटा लाल पट्ट्यात. म्हणजे दोष एकच असेल असं गृहीत धरता येत नव्हतं.

इंजिन बदलण्याची ही हौस इकडे जुनी आहे, आणि ती नुसती हौस नव्हे. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोशी करार केला आणि इगतपुरीच्या कारखान्यात एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन बनू लागलं. तोवरच्या बहुतेक जिपा पेट्रोल पिणाऱ्या. डिझेल स्वस्त, त्यामुळे कित्येक मालकांनी जुन्या पेट्रोल जिपेत डिझेल इंजिन बसवून घेतलं. ॲम्बेसेडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन बसवलेल्या गाड्याही महाराष्ट्रभर फिरत. मॅटाडोरमधलं ते इंजिन म्हणजे मर्सिडीजच्या ओएम ६१६ चं बजाज टेम्पोने बनवलेलं भारतीय रूप. नट-बोल्ट जुळवून, गिअरबॉक्सला प्लेट लावून, चेसिसवर नवं फाउंडेशन वेल्ड करून अशी इंजिनं बसतात आणि चालतातही. मागे राहतो तो रेडिएटर, पंखा, त्याभोवतीचं पत्र्याचं कडं, हॉज पाइप आणि मीटर. हे सगळं जुन्या इंजिनाच्या मापाचं असतं. नानांच्या जिपेचं जुनं इंजिन २,११२ सीसीचं होतं, नवं २,५२३ सीसीचं. डिझेल जास्त जळलं की उष्णता जास्त निघते, आणि ढोबळ मानाने त्या उष्णतेचा तिसरा हिस्सा रेडिएटरवाटे बाहेर टाकावा लागतो.

त्यात खानदेशचा उन्हाळा. रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर फरक साठ अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की फरक पंचेचाळीसच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण क्षमता पाव हिश्शाने कमी. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत असतो. जिपेच्या जाळीसमोरची हवा तापलेल्या डांबरावरून येते आणि त्याहून गरम असते. हिवाळ्यात निभावून गेलेली जोडणी एप्रिलमध्ये उघडी पडते, ती यामुळे.

तपासणी स्वस्त गोष्टींपासून सुरू झाली. पहिला संशय मीटरवर. इंजिन बदललं की पाण्यात बुडणारं युनिट नव्या इंजिनाचं राहतं आणि डॅशबोर्डवरचं मीटर जुन्या गाडीचं. दोघांची भाषा जुळेलच असं नाही. मिस्तरीने युनिट काढलं, त्याची तार तशीच ठेवली, बॉडीला अर्थची वायर लावली आणि युनिटचं टोक उकळत्या पाण्याच्या डब्यात धरलं. पाणी शंभर अंशांवर होतं, पण काटा लाल पट्टा ओलांडून टोकाला टेकला. म्हणजे मीटर वाढवून सांगत होतं. मग इंजिन तापवून थर्मोस्टॅटच्या घरावर तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन धरली. मीटर खोटं होतं, पण गाडी खरोखरही तापत होती. निम्मे लोक इथेच फसतात: मीटर चुकीचं निघालं की सुटकेचा श्वास सोडतात आणि खरा दोष तसाच राहतो.

दुसरा संशय हवेचा. नवं इंजिन बसवताना फाउंडेशन थोडं उंच झालं होतं. थर्मोस्टॅटचं घर रेडिएटरच्या तोंडापेक्षा वर गेलं होतं. पाणी रेडिएटरच्या तोंडातून कितीही भरलं तरी इंजिनाच्या वरच्या भागात हवेचा खिसा राहतो, आणि तिथलं लोखंड कोरडं राहून तापतं. युनिट त्या हवेच्या खिशात असलं तर काटा कधी शून्यावर, कधी एकदम वर. मिस्तरीने जिपेचं तोंड चढावाला उभं केलं, म्हणजे रेडिएटर सगळ्यात उंच झाला. वरचं युनिट सैल केलं, हळूहळू पाणी ओतलं. आधी फुस्स करून हवा गेली, मग बुडबुडे आले, मग सलग धार. इंजिन टोपीविना चालू ठेवून, वरचा हॉज पाइप दाबत-सोडत पुन्हा पाणी भरलं. बरंच पाणी मावलं. गाडी इतके महिने तेवढ्या पाण्याविना चालत होती. याच वेळी बुडबुड्यांवर नजर ठेवली. हवा निघून गेल्यावर ते थांबले, ऑइलमध्ये दुधाळ रंग नव्हता. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. हजारोंचा खर्च तिथेच टळला.

तिसरी तपासणी पंख्याची, आणि तिला लागला वर्तमानपत्राचा एक कागद. इंजिन सुस्त चालत असताना कागद रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरायचा. पंखा नीट ओढत असेल तर कागद जाळीला चिकटतो. इथे तो घसरून खाली पडला. वाकून पाहिल्यावर कारण दिसलं. नवं इंजिन मागे सरकून बसलं होतं. पंखा आणि रेडिएटर यांच्यात वीतभर अंतर पडलं होतं, आणि पत्र्याचं कडं जुन्या जागीच होतं. कड्याबाहेर फिरणारा पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बोनेटखालची गरम हवाच घुसळत राहतो. पाती उलटी तर लावलेली नाहीत ना, तेही पाहिलं. पंखा पुढचा मागे करून बसवला तरी हवेची दिशा बदलत नाही, जोर मात्र बराच घटतो, म्हणून हा दोष सहज लक्षात येत नाही. ती चूक इथे नव्हती. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून कडं लांब करून घेतलं, पात्यांची निम्मी जाडी त्याच्या आत आली. पुन्हा कागद धरला, तर तो जाळीला चिकटून राहिला.

बाजारातला प्रश्न सुटला. घाटातला उरला.

त्यासाठी रेडिएटर उतरवला. गरम असतानाच त्यावर गन फिरवून मिस्तरीने आधी थंड डाग शोधले होते. पाणी फिरत असलेल्या नळ्या गरम लागतात. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. असे पट्टे दोन्ही कडांना सापडले. तालुक्यात पाणी बहुतेक विहिरी-बोअरचं आणि जड. घरातल्या बंबाच्या आत जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि इंजिनाच्या आतल्या भिंतींवरही. थर बसला की पाणी आणि धातू यांची गाठच पडत नाही. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, डागकाम केलेले, त्यामुळे त्यांची टाकी उघडून नळ्यांत सळई घालून साफ करता येतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं सोनगीर इथून फार लांब नाही. डागकामाचा हात या भागाला परका नाही. आजचे ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर हलके आणि चांगले, पण चोंदले की सरळ बदलावे लागतात. नानांच्या रेडिएटरची मधली जाळी इतकी गेली होती की सळईने भागणार नव्हतं. टाक्या जुन्याच ठेवून जास्त ओळींच्या नळ्यांचा नवा कोअर बसवला. मोठ्या इंजिनाला तो हवाच होता.

टोपीही बदलली. रेडिएटरची टोपी म्हणजे नुसतं झाकण नव्हे, तो दाबाचा वाल्व्ह आहे. ०.९ बारची टोपी नीट बसली असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा ११९ अंशांच्या आसपास उकळतं. टोपीचं रबर गेलं की ते शंभरलाच उकळतं आणि बाहेर पडतं. नानांच्या टोपीचं रबर कडक होऊन चिरलं होतं. "पाणी फेकते" या तक्रारीचा एक वाटा त्या चिरलेल्या रबराचा होता.

राहिला थर्मोस्टॅट. तो जागेवर नव्हताच. इंजिन बसवणाऱ्याने काढून फेकला होता, कारण आपल्याकडची सर्वमान्य समजूत: "इथे काय बर्फ पडतो?" थर्मोस्टॅट थंडीसाठी असतो हे अर्धंच खरं. इंजिन योग्य तापमानाला ठेवणं हे त्याचं काम. तो नसला की सकाळी इंजिन बराच वेळ गार राहतं, डिझेल जास्त पितं, सिलिंडरची झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्यातलं काही रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं, आणि ऐन चढावर गाडी आणखी तापते. मिस्तरीने नवा थर्मोस्टॅट आणला, पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का पाहिलं आणि मगच बसवला.

शेवटी इंजिनातून पाणी उलट दिशेने सोडून ते धुतलं, बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मंनिम्म भरलं. नानांना कूलंटचा खर्च जड वाटला. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच आहे. पण कूलंट गंज आणि क्षार अडवतं, आणि उकळबिंदू वर नेतं. खानदेशात कूलंट घालायचं ते याच दोन कारणांसाठी.

परीक्षा मुद्दाम भर दुपारी घेतली. माणसं भरून गाडी महामार्गाने लळिंगपर्यंत नेली, घाट चढवला, वर इंजिन चालू ठेवून उभी केली. गन लावल्यावर तापमान नव्वदीतच राहिलं. गाडीने पाणी फेकलं नाही.

ज्या इंजिनाला सगळ्यांनी नावं ठेवली, त्याच्यात दोष नव्हता. दोष इंजिन आणि गाडी यांच्या जुळणीत होता, आणि तो मुख्यतः चार ठिकाणी वाटलेला होता: हवेचा खिसा, पंख्याचं कडं, चोंदलेला रेडिएटर आणि चिरलेली टोपी. यातलं एकच दुरुस्त केलं असतं तर गाडी थोडी सुधारली असती आणि "रेडिएटर बदलूनही काही झालं नाही" असा निष्कर्ष निघाला असता.

म्हणून जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवण्याचा विचार असेल तर इंजिनाच्या किमतीतच रेडिएटरचा कोअर, टोपी, हॉज पाइप, थर्मोस्टॅट आणि मीटरचं जुळणारं युनिट धरा. पंखा कड्यात येतो का आणि रेडिएटरचं तोंड इंजिनापेक्षा उंच राहतं का, हे फाउंडेशन वेल्ड होण्याआधी पाहा. इंजिन बदलाला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लागू होतं. धुळ्याच्या परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि आरसीवर नव्या इंजिन क्रमांकाची नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. आणि रस्त्यात गाडी तापलीच, तर टोपी लगेच उघडू नका, तापल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. उकळतं पाणी अंगावर येतं आणि हेडला तडा जातो. गाडी सावलीला घ्या, इंजिन निवू द्या, आणि ती नेमकी कधी तापली ते लक्षात ठेवा. मिस्तरी पहिल्यांदा तेच विचारणार आहे.