बाराखडीतून जपानीकडे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावात जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारलं, परदेशी भाषा कोणती शिकाल? बहुतेकांनी जपानी सांगितली, कारण रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ. चौथी ते आठवीची ही मुलं. भाषेच्या एका जाणकाराने आपणहून त्यांचे ऑनलाइन वर्ग घेतले.

मुलांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण मराठी मुलाची जपानी वाचायची बरीच तयारी पहिलीतच झालेली असते, हे फारसं कुणी सांगत नाही. जपानी अक्षरमाला म्हणून पाहा: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. कुठल्याही मराठी शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातली सिद्धम लिपी जपानला पोहोचली आणि तिच्या अभ्यासातून ही मांडणी घडली. आपल्या ‘प’च्या जागी तिथे ‘ह’ येतो, कारण प्राचीन जपानीत तो उच्चार ‘प’ होता. खूण अजून शिल्लक आहे: ‘हा’च्या डोक्यावर छोटं वर्तुळ काढलं की ‘पा’, दोन बारीक रेघा काढल्या की ‘बा’. त्याच दोन रेघांनी ‘का’चा ‘गा’ आणि ‘ता’चा ‘दा’ होतो. अघोष आणि घोष वर्णांचं हे नातं आपण व्याकरणात शिकतो. जपानी मूल ते डोळ्यांनी पाहतं.

अडतं ते पुढे. आपल्या ‘का’, ‘कि’, ‘कु’मध्ये ‘क’ दिसत राहतो. हिरागाना लिपीत ‘का’ आणि ‘की’च्या आकारांत काहीच समान नाही. ४६ अक्षरं वेगवेगळीच लक्षात ठेवायची, तितकीच काताकाना या दुसऱ्या लिपीची. शिवाय कांजी ही चिन्हलिपी: जपानी मुलं पहिलीत ८० आणि प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ चिन्हं शिकतात.

इथे हात मदतीला येतो. अमेरिकेतल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही अक्षरं मुलांनी हाताने काढली, काही गिरवली, काही टाइप केली. नंतर ती पाहताना मेंदूतली वाचनाची जाळी जागी झाली ती हाताने काढलेल्या अक्षरांनी. म्हणून वर्ग फोनवर असला तरी वही उघडी हवी. ‘झाड’ या अर्थाच्या कांजीत आधी आडवी रेघ, मग उभी, मग डावीकडची तिरकी, शेवटी उजवीकडची. अशी दोन झाडं शेजारी काढली की राई, तीन काढली की अरण्य. तिन्ही चिन्हं पहिलीच्याच यादीत आहेत.