कर्ज मंजूर झाले म्हणजे घर परवडले असे नाही (लेखमाला : घरखर्चाचा हिशेब, लेखांक 6)

घरखर्च आटोक्यात ठेवायचा म्हटले की आपली नजर आधी भाजीच्या पिशवीकडे जाते. मागच्या लेखांकात किराणा आणि वीजबिलाचा विचार केला, तो गरजेचाच होता. पण नवी मुंबईतल्या नोकरदार कुटुंबाचे गणित बहुधा तिथे चुकत नाही. ते चुकते बिल्डरच्या साइट ऑफिसमध्ये, फ्लॅट बुक करताना. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च 6,996 रुपये निघाला. म्हणजे चौघांच्या घराला सुमारे 28 हजार, आणि त्यातला खाण्यापिण्याचा वाटा जेमतेम चाळीस टक्के, सुमारे 11 हजार. नेरूळ-खारघरमध्ये तो दीडपट धरला तरी पोटाला चिमटा काढून दहा टक्के वाचवल्यावर हाती येणार दीड-पावणेदोन हजार. याउलट 50 लाखांचे गृहकर्ज 20 वर्षांसाठी 8 टक्क्यांनी घेतले, तर हप्ता 41,800 रुपयांच्या घरात जातो. एका सरासरी शहरी कुटुंबाच्या साऱ्या महिन्याच्या खर्चाहून जास्त. हेच कर्ज 5 लाखांनी कमी घेतले, तर दरमहा जवळपास 4,200 रुपये वाचतात, आणि तेही सलग 20 वर्षे, रोज मन न मारता. घर खरेदीचा खर्च सरकारी पाहणीत धरलाच जात नाही. आपल्या हिशेबाच्या वहीत मात्र तो पहिल्या ओळीवर असायला हवा.

बँक मंजूर करते ती रक्कम ही आपली ऐपत, असे आपण धरून चालतो. बँक पाहते ती परतफेडीची क्षमता, आणि बऱ्याचदा नवरा-बायको दोघांचे पगार एकत्र करून. बाळंतपणात एकाचा पगार थांबला, सासऱ्यांचे आजारपण निघाले, ऐरोली-महापेच्या आयटी कंपनीत कपात झाली, तर काय, हा प्रश्न तिच्या अर्जात नसतो. शिवाय हप्ता म्हणजे घराचा पूर्ण खर्च नव्हे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा मेंटेनन्स, पार्किंग, मालमत्ता कर, जिथे पाणी अपुरे तिथे टँकरची वर्गणी, हे सगळे त्यावर चढते. आणि अंतर! तळोज्यात घर स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्यांना मेट्रोचे भूमिपूजन 2011 मध्ये दिसले. बेलापूर ते पेंधर गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 ला. मधल्या बारा वर्षांचे रिक्षा-बसचे पैसे फ्लॅटच्या किमतीत कुठेच लिहिलेले नव्हते. ‘सिडकोचे घर म्हणजे स्वस्तच’ असेही आता डोळे झाकून म्हणता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या दरांत वाशीतल्या अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत 74 लाखांवर होती.

सर्वात मोठा धोका व्याजदराचा आहे, आणि तो सर्वात कमी समजावून सांगितला जातो. 2021 च्या सुरुवातीला 50 लाखांचे कर्ज 6.75 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले असे धरू. हप्ता बसला सुमारे 38 हजार. दोन वर्षे नियमित फेडल्यावर मुद्दल उरले साडेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास. दरम्यान मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला, म्हणजे रेपोशी जोडलेल्या या कर्जाचा दर झाला सव्वानऊ. आता एकट्या व्याजालाच साडेछत्तीस हजार लागतात. 38 हजारांतले मुद्दलात जातात फक्त चौदाशे. हप्ता तोच ठेवला तर उरलेली 18 वर्षे पस्तिसाच्या पुढे जातात. मुदत तीच ठेवली तर हप्ता 45 हजारांवर चढतो. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने या दोन पर्यायांतली निवड कर्जदाराला द्यावी असे बँकांना बजावले, ते योग्यच झाले. पण दरमहा सात हजारांची फट ज्याच्या बजेटमध्ये नाही, त्याने निवड करायची तरी कशाची? 2025 मध्ये दर पुन्हा उतरले, हे खरे. वीस वर्षांत ते पुन्हा चढणार नाहीत, असे कोणीही लिहून देणार नाही.

‘भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा,’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण 41,800 च्या पहिल्या हप्त्यातले 33 हजारांहून अधिक रुपये व्याजाचे असतात. तेही परत येत नाहीत. भाड्याची तुलना करायची तर ती व्याज आणि मेंटेनन्स यांच्या बेरजेशी करावी. ‘विमानतळ झाले, आता भाव वाढणारच,’ हा दुसरा. भाव वाढतीलही. पण विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी 2018 चे आणि उद्घाटन ऑक्टोबर 2025 चे. त्या आशेवर उलव्यात घर घेतलेल्याला मधला प्रत्येक हप्ता पगारातूनच भरावा लागला. राहत्या घराचा वाढलेला भाव महिन्याच्या खर्चाला येत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे : पगार वाढत जातो आणि दहा वर्षांनी हप्ता हलका वाटू लागतो. अनेक घरांत तसे झालेही आहे. मात्र त्याच दहा वर्षांत मुलांची फी आणि आईवडिलांची औषधेही वाढतात. अडचणीची असतात ती पहिली पाच-सात वर्षे. नेमक्या त्याच काळात राखीव रक्कम डाउन पेमेंटमध्ये आणि फर्निचरमध्ये संपलेली असते.

म्हणून घर घेऊ नका, असे माझे सांगणे नाही. हप्ता, मेंटेनन्स आणि प्रवास मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसावेत, आणि एक पगार सहा महिने थांबला तरी हप्ता चुकू नये, एवढे घर घ्यावे. मग ते दोनऐवजी एक बेडरूमचे असले तरी चालेल. वाशीच्या बाजार समितीतल्या माथाडी कामगारांसाठी 1969 च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधीची तरतूद मजुरीच्या हिशेबातच, आधीच बाजूला काढण्याची व्यवस्था केली. तीच शिस्त इथे वापरा. बुकिंगच्या आधी सहा महिने, पगार होताच, आजचे भाडे आणि उद्याचा सगळा खर्च यांतला फरक वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्यातून पैसे काढावे लागले, तर टोकन देऊ नका. आणखी लहान घर बघा.