आपल्या समुद्रातला निनावी शिकारी

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर जवळात जवळच्या समुद्रकिनाऱ्यापासूनही पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. त्यामुळे शंख म्हटला की आम्हां वऱ्हाडी माणसांच्या डोळ्यांपुढे येतो तो देवघरात धुऊन-पुसून ठेवलेला, आणि त्या कवचात एके काळी एक मांसाहारी जीव राहत होता, समुद्रतळाच्या वाळूत किडे शोधून त्यांवर उपजीविका करीत होता, हा विचार मनाला सहसा शिवत नाही.

या शंखाच्या गोत्रातलाच, पण त्याहून कितीतरी निष्णात असा एक शिकारी अरबी समुद्रात सुमारे 50 ते 180 मीटर खोलीवर राहतो. कवच शंकूसारखे निमुळते, पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबूस-तपकिरी जाळीचे, पंधरा सेंटिमीटरांहूनही लांब भरणारे. 1894 साली जुस्सोम या फ्रेंच अभ्यासकाने त्याचे ‘कोनस मिल्नेएडवर्ड्साय’ असे नामकरण केले. पाच वर्षांनी मेल्व्हिल आणि स्टँडन यांनी अरबी समुद्रातील नमुन्यांस नवी जात समजून दुसरेच नाव दिले. त्या काळी या समुद्राच्या तळाचे शंख बव्हंशी तारायंत्राच्या केबलींची देखभाल करणाऱ्या जहाजावरून, टाउनसेंड नामक कप्तानाच्या चिकाटीमुळे, विद्वानांच्या हाती पडत. संग्राहकांनी मात्र या शिकाऱ्यास ‘ग्लोरी ऑफ इंडिया’ म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले.

त्याच्या कोनस कुळाची शिकार करण्याची रीत हा निसर्गातील एक विलक्षण प्रकार आहे. पाण्यातून येणारा भक्ष्याचा वास नळीसारख्या अवयवाने हेरावयाचा, लवचीक सोंड हळूहळू पुढे सरकवावयाची, आणि कायटिनचा पोकळ, काटेरी दात भाल्यासारखा भक्ष्याच्या देहात रोवून त्यातून विष सोडावयाचे. एकदा वापरलेला दात पुन्हा कामी येत नाही, म्हणून अशा दातांचा साठा शरीरातील एका पिशवीत सज्ज असतो. कोणी किडे खातात, कोणी इतर गोगलगाई, आणि काही तर पोहते मासेदेखील. कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसे दगावल्याची नोंद आहे. परंतु कोनस मॅगस या दुसऱ्या जातीच्या विषातील एका घटकाच्या आधारे ‘झिकोनोटाइड’ हे वेदनाशामक सिद्ध झाले, ज्यास अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळाली. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ते थेट सोडावे लागते, पण अफूच्या औषधांसारखे व्यसन त्याने जडत नाही. ज्या विषाने जीव जातो त्यातूनच असह्य वेदनेवर उतारा निघावा, याहून मोठे नवल मला ठाऊक नाही.

‘ग्लोरी ऑफ इंडिया’चे सुंदर कवचच मात्र त्याच्या जिवावर उठले. 2001 साली सरकारने त्याचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत करून त्याच्या शिकारीस व व्यापारास मज्जाव केला. वाघाला जे संरक्षण, तेच यालाही.

तथापि आपल्याच समुद्रातील या प्राण्यास लोकांच्या तोंडी बसेल असे मराठी नाव नसावे, याची मला मनापासून खंत वाटते. लोकांना विचारून बोलीतले शब्द टिपण्याची रीत आम्हांला नवी नाही: महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, साक्षीदारांना विचारून, साध्या बोलीत चक्रधरस्वामींचे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते याच रिद्धपुरी. आज येथेच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथील अभ्यासकांनी कोकणातल्या कोळ्यांना विचारून, त्यांच्या बोलीच्या आधारे, या शिकाऱ्यास एक मराठी नाव द्यावे, ही माझी विनंती आहे.