'झेवियर' म्हणजे नवे घर

कणकुंबीस माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहू लागते. गावावरून जाणारा रस्ता मात्र पश्चिमेस चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. घाटाच्या वर काय नि खाली काय, कॅथलिक घरांतून 'झेवियर' हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोठे त्याचे 'सावेर' असे घरगुती रूपही ऐकू येते. परंतु अर्थ विचारला, तर 'संताचे नाव' एवढेच उत्तर बहुधा मिळते.

वास्तविक हे मुळी माणसाचे नावच नव्हे! स्पेन देशाच्या उत्तरेस, नाव्हारा प्रांतात, त्या नावाचा एक किल्लेवजा वाडा आहे. तिकडील बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे. 'एचेबेरी' हा शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत 'झेवियर' झाला. हा वाडा संत फ्रान्सिस यांच्या मातोश्रींकडून आलेला. तेथे ७ एप्रिल १५०६ रोजी त्यांचा जन्म झाला. ते दहा वर्षांचे असताना, १५१६ साली, राजसत्तेच्या हुकुमावरून त्या वाड्याचे बुरूज पाडण्यात आले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले, ते पुन्हा युरोपात गेले नाहीत. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यानजीक एका बेटावर त्यांचे देहावसान झाले. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले, आणि एका घराचे नाव देशोदेशींच्या पाळण्यांत जाऊन पोहोचले.

हल्ली हे नाव जुनाट वाटून मागे पडते आहे. संताचेच नाव ठेवावे असा धर्मसभेचा आग्रह आज नाही. १९८३ च्या धर्मविधीसंहितेप्रमाणे नाव ख्रिस्ती भावनेस विसंगत नसले म्हणजे पुरे. तेव्हा 'प्रकाश' वा 'विजय' ठेवण्यास कोणाची हरकत असू नये. मात्र आजोबांचे नाव नातवास नाकारण्यापूर्वी त्याचा अर्थ तरी ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

स्वतः फ्रान्सिस झेवियर नावाच्या बाबतीत मोठे काटेकोर होते. जानेवारी १५४५ मध्ये कोचीनहून धाडलेल्या पत्रात त्यांनी आपली रीत कळविली आहे: दक्षिणेकडील कोळ्यांच्या गावी बाप्तिस्मा देताना ते प्रत्येकास त्याचे नवे नाव लिहून हाती देत.