ताडोबा पाहायला जाऊ या

वाघाच्या धाकानं आपण मोह वेचायला घोळक्यानं जातो, आणि तोच वाघ पाहायला मुंबई-पुण्याची माणसं पैसे मोजून आपल्या जिल्ह्यात येतात. मग आपल्या गटाची सहल ताडोबाला का नको?

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. जिप्सीत पर्यटक सहाच बसतात. दहा जणींना दोन गाड्या लागतील, वर्गणी तशी धरा. शनिवार-रविवारी दर जास्त, मंगळवारी बंद. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असतं. बुकिंगला दिलेलंच ओळखपत्र सोबत घ्या, झेरॉक्स नव्हे.

वाघ दिसेलच असं नाही. पण वानराचं खेकसणं, चितळाची हाक, सांबराचा ठणठणीत आवाज गाइडकडून ओळखून घ्या. (तिथं बायाही गाइड आहेत, त्यांना मोकळेपणानं विचारता येतं.) सांबर सहसा उगाच ओरडत नाही. आपल्या रानात असा आवाज आला तर टोपली तिथंच सोडून सगळ्यांनी मिळून मागं फिरायचं, पळायचं नाही.

जिप्सीतून खाली का उतरू देत नाहीत, तेही विचारा. वाकलेली बाई वाघाला एखादं जनावर वाटू शकते. मोह वेचताना आपण तासन्‌तास वाकलेल्याच असतो! म्हणून आमच्या गटात पाळीपाळीनं एकजण वेचत नाही, उभी राहून चौफेर पाहते. तिच्या वाट्याचा मोह बाकीच्या मिळून काढतात.