विश्लेषण : जुनी ‘आरएक्स १००’ पुन्हा रस्त्यावर आणताना इंजिनाआधी कागद का पाहावेत?

पवईतल्या जुन्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, एखाद्या खांबाच्या आडोशाला, ताडपत्रीखाली टायर बसलेली एखादी किडकिडीत मोटारसायकल अजून दिसते. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या काकांची. हल्ली अशा गाड्या भंगारात न देता घरच्या घरी उभ्या करण्याची हौस वाढली आहे. हौसेला मोल नसते, पण नियम असतात. इंजिन, रंग, क्रोम यांवर पैसे ओतून झाल्यावर गाडीची नोंदणीच संपली आहे किंवा चॅसिस नंबर वाचता येत नाही, हे कळले तर ती गाडी पार्किंगमधली शोभेची वस्तू होते.

या जपानी गाड्या १०० सीसीच्याच का?

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारीची दारे उघडली. १९८४ ते १९८६ या काळात चार जोड्या जमल्या: होसूरची इंड-सुझुकी एएक्स १००, धारुहेड्याची हिरो होंडा सीडी १००, एस्कॉर्ट्सने सूरजपूरला आणलेली यामाहा आरएक्स १०० आणि आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोची कावासाकी केबी १००. यांत होंडा एकटी फोर स्ट्रोक, बाकी तिन्ही टू स्ट्रोक. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० ही मोठी यामाहा याआधी, १९८३ मध्ये आली होती, पण तेव्हाच्या मध्यमवर्गीय खिशाला ती पेलली नाही.

आजच्या हौशी मंडळींचा जीव अडकतो तो मुख्यतः आरएक्स १०० मध्ये. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. ताकद ११ अश्वशक्ती, गिअर चार आणि वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास. वजन आणि ताकदीच्या या गुणोत्तरामुळेच ती सिग्नलवरून सुटताना मोठ्या गाड्यांना मागे टाकायची. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

मग तिला ‘व्हिंटेज’ म्हणता येईल?

बोलताना खुशाल म्हणा. कायद्याच्या लेखी नाही. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. १९८५ च्या पहिल्या आरएक्सलाही तो मान २०३५ मध्येच मिळेल. तोवर ती सरकारदरबारी फक्त एक जुनी दुचाकी आहे आणि जुन्या दुचाकीचे सगळे सोपस्कार तिला लागू आहेत. एक मात्र आजच लक्षात ठेवावे: ‘मूळ रूपात’ ही अट तेव्हाही असेल, तर काढलेले मूळ भाग फेकू नयेत. खोक्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवावेत.

कागद कोणते तपासायचे?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकलसाठी हे शुल्क दोन हजार रुपये आहे. उशिराचा दंड महिन्यागणिक चढतो, त्यामुळे दहा-बारा वर्षे निजलेल्या गाडीचा हिशेब आधी काढून घ्यावा. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाड्यांना पर्यावरण करही आहे. शिवाय विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांसाठी सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट.

पहिले काम फुकटात होते. ‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर नंबर टाकून पाहा. नोंद ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसली तर निम्मे काम झाले. काहीच दिसत नसेल तरी लगेच हाय खाऊ नये. ‘एमएच’ येण्याआधीच्या जुन्या मालिकांतल्या अनेक गाड्यांच्या नोंदी वहीतून संगणकावर आलेल्याच नाहीत. मूळ आरसी पुस्तक हातात असेल तर आरटीओत अर्ज करून ती नोंद चढवता येते. पुस्तकही नाही, नोंदही नाही, अशी गाडी ‘कागद नंतर करून देतो’ म्हणत कुणी विकत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावे हस्तांतर. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच लोक ते शेवटाला ठेवतात आणि अडकतात.

चॅसिस आणि इंजिन नंबरचे काय?

आरटीओतला निरीक्षक हेच दोन आकडे पाहतो. चॅसिस नंबर हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. फ्रेम रंगाला देताना वाळूच्या माऱ्याने गंज काढतात, त्यावर पावडर कोटिंगचा जाड थर चढतो आणि नंबर बुजतो. काम देण्यापूर्वी नंबरचा फोटो काढावा, पेन्सिलने कागदावर ठसा घ्यावा आणि तेवढ्या भागावर चिकटपट्टी लावायला बजावावे. पुसट झाला म्हणून स्वतः पुन्हा ठोकून घेणे म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेणे. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. केस बदलली की नंबर बदलला, म्हणून तडा गेलेली केस शक्यतो वेल्डिंगने वाचवावी. रंग बदलला तर तोही आरसीवर नोंदवावा लागतो.

इंजिन जाम असेल तर?

किकवर उभे राहून जोर लावू नये, रिंग तुटते. प्लग काढून त्या भोकातून गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे आणि दोन-तीन दिवस गाडीला हात लावू नये. मग टॉप गिअरमध्ये मागचे चाक हलकेच पुढे-मागे करून पाहावे. पिस्टन सुटला तरी लगेच चालू करायचा मोह टाळावा, कारण टू स्ट्रोकचा खरा शत्रू दिसत नाही. तो म्हणजे क्रँकचे वाळलेले ऑइल सील.

या इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, म्हणून ती हवाबंद असावी लागते. मॅग्नेटोकडचे सील गेले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि नवाकोरा पिस्टनही चिकटतो. क्लचकडचे गेले की गिअर ऑइल आत ओढले जाते, पांढरा धूर सुटतो आणि गिअर ऑइल गुपचूप कमी होत जाते. सील स्वस्त असतात, पण बदलायला इंजिन पूर्ण उघडावे लागते. म्हणून इंजिन एकदा उघडले की सील, बेअरिंग आणि क्रँक एकाच वेळी करून घ्यावे.

बोअर करताना पिस्टन आधी विकत घ्यावा आणि तो लेथवाल्याच्या हातात द्यावा. पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्याने मोठे मिळतात, बोअर त्या मापाला करतात. कार्बोरेटरच्या जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठे होते. सुट्या भागांसाठी कुर्ला-कलिन्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार आहेतच, मात्र ‘ओरिजिनल’ छापलेला प्रत्येक डबा ओरिजिनल नसतो. जुना भाग सोबत नेऊन ताडून पाहावा.

पवईत गॅरेज कुठून आणायचे?

बंगला असलेल्यांचे ठीक आहे, टॉवरमध्ये आपल्या वाट्याला रंगवलेला एक चौकोन येतो. तिथे वेल्डिंग, ग्राइंडर, रंगाचा फवारा करू नये. आगीचा धोका आहे आणि सोसायटीची नोटीसही येईल. ती कामे बाहेर द्यावीत. पार्किंगमध्ये करायचे ते फक्त खोलणे, पुसणे, जोडणे. त्याआधी टाकी रिकामी करावी. खराब तेल गटारात ओतू नये, मिठीचा उगम इथेच विहार-पवई तलावांच्या सांडव्याशी आहे. ते डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

आताचे पेट्रोल चालेल?

चालेल, पण तयारी करून. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. चाळीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, वॉशर, कॉकचे पॅकिंग त्यासाठी बनलेले नव्हते, ते फुगतात किंवा चिरतात. सगळे नव्या दर्जाचे बसवावे. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळ होते, तेव्हा जेटचे माप अनुभवी मिस्त्रीकडून ठरवून घ्यावे. इथेनॉल ओलावाही धरते, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा ठेवावा. आरएक्समध्ये टूटी ऑइलचा वेगळा पंप असतो. तो इतकी वर्षे बंद होता हे विसरू नये. पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडे तेल मिसळावे, म्हणजे पंपात हवा अडकली तरी पिस्टन कोरडा पडणार नाही.

पीयूसीत नापास होणार का?

मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींची मर्यादा वेगळी आहे: कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के, हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम. नीट बांधलेले इंजिन त्यात बसते. बसत नसेल तर दोष बहुतेक वेळा सील, तेलपंप किंवा काजळीने भरलेल्या सायलेन्सरचा असतो. सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकण्याची जुनी खोड मात्र सोडावी. आवाजासाठी पोलीस पकडतात ते वेगळेच. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

दिल्ली परिसरातला १५ वर्षांचा नियम मुंबईत नाही. मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. त्या दिशेच्या बातम्यांवर मात्र लक्ष असू द्यावे.

सगळे जुळले आणि गाडी सुरू झाली, की पहिले काही शे किलोमीटर तिला जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या संध्याकाळच्या कोंडीत नेऊ नये. वाऱ्याने थंड होणारे इंजिन उभ्या उभ्या तापते आणि नवा पिस्टन अजून बसलेला नसतो. रविवारी पहाटे काढावी, अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे जाऊ नये, दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून थंड होऊ द्यावी. आरसी, विमा आणि पीयूसी खिशात किंवा फोनमध्ये ठेवावे. इतकी जुनी नंबरप्लेट पाहून पोलीस कुतूहलानेही थांबवतात.