मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरचे दीड महिने

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा असतात. पण ऑपरेशननंतर पहिल्यांदा संडासला बसताना काय होईल, याची जी धास्ती असते, तिच्याबद्दल तिथे एक ओळ नसते.

आधी आपल्यावर कोणता उपचार झालाय ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. कोंबाच्या मुळाशी रबर बँड लावला असेल, तर त्या आतल्या भागात दुखणं फारसं जाणवत नाही. एक-दोन दिवस जडपणा असतो, सारखं शौचाला लागल्यासारखं वाटतं. तेव्हा जाऊन कुंथू नये. साधारण 5 ते 10 दिवसांत वाळलेला कोंब बँडसकट गळतो आणि थोडं रक्त दिसतं.

कोंब कापून काढले असतील, तर जखम बाहेरच्या नाजूक कातडीपर्यंत येते आणि भरायला 4 ते 6 आठवडे लागतात. बऱ्याचदा ती मुद्दाम उघडी ठेवलेली असते. टाके दिसत नाहीत म्हणून घाबरू नये.

पहिले दोन-तीन दिवस ठणका लागतो. वेदनाशामक गोळी कळ वाढायची वाट न बघता ठरल्या वेळी घ्यावी. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी मात्र पोट घट्ट होतं. त्यांच्यासोबत शौच मऊ करणारं औषध आहे ना, हे आवर्जून विचारावं.

सर्वांत मोठी गल्लत इथे होते. ‘खाल्लंच नाही तर जायलाच नको’ म्हणून माणसं पेजेवर राहतात, पाणीही कमी पितात. तीन-चार दिवस आत राहिलेला मळ सुकून खडा होतो आणि ओल्या जखमेवरून जातो. म्हणून पहिल्यापासून वरण-भात, पालेभाजी, पपई खावी. इसबगोल घेत असाल तर मोठा पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावं, वर आणखी पाणी घ्यावं. कमी पाण्यात घेतलं तर तेच अडून बसतं.

लागली की लगेच जावं. कमोड असेल तर पायांखाली छोटं स्टूल घ्यावं आणि मोबाइल बाहेर ठेवावा. आग होईल, कागदाला थोडं रक्तही लागेल.

त्यानंतर टबात कोमट पाणी घेऊन 10-15 मिनिटं बसावं. दुखण्यानं गुदद्वाराचा स्नायू आवळून बसलेला असतो, तो या शेकानं सैलावतो. पाणी आधी कोपरानं तपासावं. जंतुनाशक घालू नये, साधं पाणी पुरतं. मऊ कापडानं टिपून घ्यावं, घासू नये.

आठवडाभरानं बरं वाटू लागतं आणि नेमकं 7 ते 14 दिवसांच्या दरम्यान कधी कधी पुन्हा रक्त जातं. चार थेंब चालतील. रक्त थांबेना, गाठी पडल्या किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठावं. ताप, लघवी अडणं किंवा वाढत जाणारं दुखणं, यांसाठीही त्याच दिवशी जावं, नुसता बँड लावलेला असला तरी.

थोडा पाझर आणि खाज काही आठवडे राहते. साबणानं सारखं धुतल्यानं ती वाढते. कडेला कातडीचा मऊ लोंबता तुकडा राहिला, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. पण शौचाला ब्लेडनं कापल्यासारखं होत असेल तर ती चीर, म्हणजे फिशर, असू शकते. मळ बारीक धारेसारखा येत असेल तर वाट अरुंद झालेली असू शकते. दोन्हींवर उपाय आहेत, लाजून घरी सोसू नये.

जखम भरल्यावर काही महिन्यांनी पुन्हा रक्त दिसलं, तर ते जुन्या मूळव्याधीच्या खात्यावर टाकू नये. विशेषतः चाळिशी उलटली असेल, तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावं.